घर, घराखालची जमीन आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या वाढदिवशी घर या विषयावर बोलायचे म्हटले, की घराची टापटीप, काटकसर आणि मुलांचे वळण यांवर चार शब्द ऐकायला मिळतील अशी आपली अपेक्षा असणार. ते विषय चांगलेच आहेत. परंतु आज मी घराच्या आतले न बोलता घराच्या खालचे बोलणार आहे. ज्या जमिनीवर आपली चूल मांडलेली असते ती कोणाची, आणि ती चूल हलवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न फक्त वकिलांनी आणि पुढाऱ्यांनी सोडवायचा आहे अशी आपली समजूत असते. मुंबईतल्या काही भगिनींनी आणि त्यांच्या संघटनांनी ही समजूत कशी मोडून काढली, ते आज आपल्यापुढे ठेवते.

जुन्नर आणि आंबेगावच्या बायकांना मुंबई परकी नाही. म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईच्या गिरणीत कामाला होता. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा होऊन त्याने प्राण दिले. त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर आपल्या डोंगरपट्ट्यातून किती माणसे मुंबईला गेली याची गणती नाही. कोणी गिरणीत लागले, कोणी डबे वाहिले, कोणी बाजारात हमाली केली. त्यांच्या मनिऑर्डरींवर इकडची लग्ने झाली, विहिरी बांधल्या गेल्या. तिकडे ती माणसे कोठे निजत होती, हे मात्र आपण फारसे विचारले नाही. एका खोलीत दहा-बारा जणांनी पाळीपाळीने अंग टाकायचे, अशी ती व्यवस्था होती. ज्यांना तीही मिळाली नाही त्यांनी रस्त्याच्या कडेला, नाल्याच्या काठाला किंवा डोंगराच्या उताराला छप्पर घातले. शहराला त्यांचे हात हवे होते, पण त्यांच्यासाठी घरे बांधायला शहर तयार नव्हते. झोपडपट्टीचे मूळ इथे आहे.

१९८१ सालच्या जुलैमध्ये, भर पावसात, पदपथावरची बिऱ्हाडे उचलून माणसांना शहराबाहेर पाठवण्याचा हुकूम सरकारने काढला. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही संघटना न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. तो लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचे घराणे आपल्या शेजारच्या खेड तालुक्यातील कनेरसरचे. माणसाचे पोटापाण्याचे साधन काढून घेतले तर त्याच्या जगण्याच्या हक्काला अर्थच उरत नाही, म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने सांगितले.

पण निकालाचा दुसरा भागही आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. पदपथावर कायमचे राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. रीतसर नोटीस द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत पावसाळा सरू द्या, १९७६ च्या गणतीत ज्यांना ओळखपत्रे मिळाली त्यांना दुसरी जागा द्या, एवढेच बंधन घातले. म्हणजे तत्त्व जिंकले आणि झोपडी मात्र धोक्यातच राहिली. हक्क कागदावर आला म्हणजे काम संपले, असे कधीच होत नाही. तो कागद घेऊन उभे राहणारे कोणी तरी लागते.

असे उभे राहणाऱ्यांत निवारा हक्क सुरक्षा समिती ही डाव्या विचारांची संघटना होती. तिच्यात वस्तीतली माणसे होती, तशीच वास्तुशास्त्रज्ञ पी. के. दास, पत्रकार गुरबीर सिंग, अभिनेत्री शबाना आझमी अशी मंडळीही होती. १९८६ साली दक्षिण मुंबईतील संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली, तेव्हा शबाना आझमी आणि चित्रपटकार आनंद पटवर्धन वस्तीतल्या लोकांबरोबर उपोषणाला बसले. पाच दिवसांनी सरकार नमले आणि त्या कुटुंबांना गोरेगावच्या बाजूला पर्यायी जागा मिळाली.

पुढे याहून अवघड प्रसंग आला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील झोपड्या हटवाव्यात असा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. भगिनींनो, इथे एका बाजूला दुष्ट आणि दुसऱ्या बाजूला सज्जन असा मामला नव्हता. जंगल राखले पाहिजे हे म्हणणे खरेच होते. भीमाशंकरच्या अरण्याजवळ राहणाऱ्या आपल्याला ते पटवून द्यावे लागत नाही. पण हजारो कुटुंबांना उन्हात उभे करून जंगल राखायचे, हे कोणते रक्षण? सरकारने प्रथम कल्याणच्या बाजूला जागा दाखवली. ज्या बाईची चार घरची धुणीभांडी बोरिवलीत, तिने रोज तिथून यायचे कसे? लोकांनी ती जागा नाकारली. १९९५ पूर्वीपासून राहणाऱ्यांनी सात-सात हजार रुपये भरून हक्क राखले. शेवटी चांदिवलीला जुन्या दगडखाणीच्या जमिनीवर संघर्षनगर उभे राहिले. सुमारे १२ हजार कुटुंबांसाठी ही योजना आखली गेली. इमारतींच्या मधे मोकळी अंगणे राहतील असा आराखडा पी. के. दास यांनी केला.

तिथे सारे गोड झाले असे मी म्हणणार नाही. लोकांची वर्षेच्या वर्षे वाट पाहण्यात गेली, आणि राहायला गेल्यावरही शाळा-दवाखान्यांची वाण राहिली. घराची किल्ली हाती आली म्हणजे वस्ती पुरी झाली असे नव्हे, हा धडा संघर्षनगरने दिला. तरी जंगल आणि माणूस या दोहोंपैकी एकाचाच बळी दिला पाहिजे, हे खोटे आहे एवढे त्याने दाखवले.

याच गोरेगावात मृणालताई गोरे यांनी दुसरी वाट काढली. ताईंनी तरुणपणी वैद्यकीचे शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाचे आणि समाजवादी पक्षाचे काम पत्करले. १९५८ साली पती केशव गोरे वारले, तरी त्यांनी काम सोडले नाही. १९६१ साली त्या महापालिकेत निवडून गेल्या आणि उपनगरातल्या बायकांच्या हंड्यांचा प्रश्न त्यांनी असा लावून धरला, की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा समाजवादी मृणालताई आणि कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर एकत्र होत्या. स्वयंपाकघरातले हत्यार बाहेर आणले, एवढीच त्यांची युक्ती!

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याप्रमाणे मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन एका मालकाला ठेवता येत नव्हती. अधिकची जमीन गरिबांच्या घरांना मिळावी असा हेतू होता. प्रत्यक्षात सवलती मिळवून जमिनी मालकांकडेच राहू लागल्या. मृणालताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढून कायद्याचा हेतू पुरा करा अशी मागणी केली, कोर्टकचेऱ्या केल्या, आणि दिंडोशीला सामान्य उत्पन्नाच्या माणसांसाठी सुमारे सहा हजार घरांची वसाहत उभी केली. महाराष्ट्राने २००७ साली तो कायदा रद्द केला आणि मृणालताई २०१२ साली गेल्या, पण ती घरे उभी आहेत.

कोणी म्हणेल, ‘बाई, हे मोर्चे, हे डावे-उजवे आमच्या मंडळात कशाला?’ मी कोणत्याही पक्षाची पावती फाडायला आलेली नाही. मला त्यांची कामाची पद्धत सांगायची आहे. त्यांनी आधी वस्तीची यादी केली, मग कायदा वाचला, मग जाणकाराला बरोबर घेतले आणि त्यानंतर मोर्चा काढला. यादी, अभ्यास, सोबत आणि मग आवाज, हा क्रम आपण हळदीकुंकवाच्या आमंत्रणालाही पाळतो. घरासाठी तो का पाळू नये?

आणि हा प्रश्न आपल्याकडे नाही असे समजू नका. ज्या गावाचे नाव आपल्या तालुक्याला आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचे नाव आंबेगाव आणि कचेरी घोडेगावला, यामागे किती उठलेल्या चुली आहेत! धरणाने उठवलेल्या आदिवासींना जलाशयात मासेमारीची सहकारी व्यवस्था करता यावी, पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन कसता यावी, म्हणून कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने लोकांबरोबर दीर्घकाळ काम केले.

माळीण तर आपण कोणीच विसरलेलो नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. २०१७ च्या एप्रिलमध्ये आमडे येथे नवे गाव लोकांच्या हवाली झाले आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते व भराव खचल्याच्या तक्रारी आल्या. गाव वसवताना तिथे राहणाऱ्या बाईला विचारले पाहिजे. पाणी कोठून वाहते, गुरे कोठे बांधायची, म्हातारी सासू कोणत्या पायरीवर घसरेल, हे नकाशावर नसते, ते तिला ठाऊक असते.

म्हणून मंडळापुढे मी दोन कामे ठेवते. पहिले काम कागदाचे. घराच्या नोंदीत पती आणि पत्नी दोघांचीही नावे असावीत असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २००३ साली केला आहे. तरी आपल्यापैकी किती जणींचे नाव ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर आहे? हा उतारा कराचा आहे, मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे, हे खरे. पण बाईचे नाव तिथे असले म्हणजे घर परस्पर विकताना किंवा तिला बाहेर काढताना विचार करावा लागतो. जुन्नरसारख्या शहरात राहणाऱ्यांनी घरपट्टीचा आणि सिटी सर्वेचा उतारा काढावा. प्रत्येक सभासदेने पुढच्या बैठकीला आपला उतारा घेऊन यावे. जिचे नाव नसेल तिचा अर्ज इथेच बसून लिहू.

दुसरे काम सभेचे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा नियम आहे. ती पुष्कळदा रजिस्टरावरच भरते आणि सह्यांसाठी वही घरोघर फिरते. वही दाराशी आली तर सही करू नका. ‘सभा कधी आहे?’ एवढेच विचारा. आणि सभा भरली की गावठाणाची हद्द, गायरान, पाणवठा आणि बेघर कुटुंबांची यादी या चार गोष्टी वाचून दाखवायला सांगा.

मुंबईच्या त्या बायका आपल्याहून शिकलेल्या नव्हत्या. बहुतेक जणी अशाच कोठल्या तरी तालुक्यातून गेलेल्या होत्या. त्यांनी एकमेकींचा हात धरला आणि कागद वाचून घेतला. आपल्या मंडळाला हात धरण्याची सवय आहेच. कागद वाचण्याची सवय या वर्षी लागो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.