नाव कोणतं लिहू?

(पौड येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



परदेशी नोकरीच्या कागदपत्रांवर बोलणार म्हटल्यावर इथल्या काहीजणी हसल्या. आपल्याला कुठं विमानात बसायचंय? पण हिंजवडी आपल्याच मुळशी तालुक्यात आहे. तिथल्या एका कंपनीत मी हेच काम करते. परदेशी पाठवायच्या कर्मचाऱ्याची फाईल लावायची. पासपोर्ट, पदवी, गुणपत्रिका, आधीच्या नोकऱ्यांचे अनुभवाचे दाखले, पगाराच्या स्लिपा. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसासाठी आधी कंपनी तिथल्या सरकारकडे अर्ज करते. तो मंजूर झाला की कर्मचारी स्वतःचा व्हिसाचा अर्ज भरतो. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट तपासली जाते. या सगळ्या कागदांवरची व्यक्ती एकच आहे का?

पुरुषाची फाईल बहुतेक वेळा दोन दिवसांत लागते. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत त्याचं नाव तेच असतं. बाईची फाईल अडते.

एका मुलीचं सांगते. दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंतचे सगळे कागद माहेरच्या नावाचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, आडनावाबरोबर तिचं स्वतःचं नावही गेलं. आधार, बँक, पासपोर्ट नव्या नावाचे. पहिल्या नोकरीचा दाखला जुन्या नावाचा. लग्नाची नोंदणी केलेलीच नव्हती, पुरावा म्हणून पत्रिका आणि फोटो. मग नोंदणी करा, राजपत्रात नावबदल छापून आणा, प्रतिज्ञापत्र करा. यात महिने गेले आणि तिच्या जागी तिचा सहकारी गेला. फाईलवर 'कागदपत्रे अपुरी' हा शेरा मीच लिहिला होता. ती मला म्हणाली, "ताई, परीक्षा मीच दिल्या. आता त्या देणारी मीच होते, हेही मीच सिद्ध करायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा ठेवता येतो. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. अर्जाला विवाहाचं प्रमाणपत्र जोडण्याची अट गेली. घटस्फोटितेवर नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. आईवडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. ज्यांनी नाव बदललं आहे त्यांनी लग्नाची नोंदणी करून घ्यावी. १९९८ चा कायदा महाराष्ट्रात त्यासाठीच आहे. दोन नावांना जोडणारा तोच दुवा असतो.

आता दुसरी बाई. याच इंजिनिअर मुलींच्या घरी स्वयंपाक करणारी, गावाकडून रोज येणारी. तिला कुणीतरी सांगतं, आखातात घरकामाला चल, इथल्या चौपट पगार मिळेल. तिची फाईल कोण लावतं? एजंट. कागद कुणाकडे? एजंटकडे. करार कोणत्या भाषेत? तिला न येणाऱ्या.

ही बाई दहावी पास नसेल तर तिच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शिक्का असतो. याचा अर्थ, ठरलेल्या १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारी मंजुरी हवी. वय ३० पूर्ण हवं. २०१६ पासून अशा बायकांची भरती खाजगी एजंटांना करता येत नाही, ती सरकारी संस्थांमार्फतच व्हायला हवी. मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा येतो, अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचा. एजंट म्हणतो, एवढी कटकट कशाला, पर्यटक व्हिसावर चल, पोचल्यावर बघू. अशी गेलेली बाई कोणत्याच नोंदीत नसते. पगार मिळाला नाही, मारहाण झाली, तर दाखवायला तिच्याकडे करारही नसतो. वयाच्या अटीवर आपल्यात मतभेद आहेत. प्रौढ बाईला जायला बंदी का, हा प्रश्न रास्तच आहे. पण बंदीमुळे चोरवाट धरलेल्या बाईला वाऱ्यावर सोडून तो वाद घालता येणार नाही.

आणि पासपोर्ट? तो मालकाचा नाही, एजंटचा नाही, नवऱ्याचा नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे. कुणी 'माझ्याकडे सुरक्षित राहील' म्हणालं तर हे वाक्य सांगा.

मुळशीला कागदाची ताकद नवी नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्यात बायाही होत्या. जमीन कसणारा एक आणि कागदावर सावकार, असं अनेकांच्या बाबतीत होतं. भरपाईच्या वेळी कागदच बोलला. शंभर वर्षांनंतरही आपल्यातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर आहे, ते मनातल्या मनात मोजा.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. प्रत्येक गटानं महिन्यातली एक बैठक कागदांसाठी ठेवावी. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, बँक पासबुक, लग्नाची नोंद असं सगळं जमिनीवर मांडायचं आणि नावं ताडून बघायची. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करायचा, नोकरी दारात आल्यावर नाही. मूळ कागद आपल्या पेटीत, झेरॉक्स मैत्रिणीकडे. करार वाचता येत नसेल तर वाचून घेतल्याशिवाय सही नाही, अंगठाही नाही.

आणि घरात मुलीचं लग्न ठरलं, तर ताटात नाव लिहिण्याआधी तिला एकदा विचारा, तुला कोणतं नाव हवंय?