नळाचं पाणी उलटं जातं तेव्हा
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, म्हणजे आपल्या पाइपांनाही झाली. समितीत पाण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून पाच मिनिटं त्यासाठी मागून घेतली.

नळातून पाणी बाहेर येतं, हे आपण धरूनच चालतो. पण ते आतही ओढलं जातं. समजा, टाकी धुण्यासाठी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला. तिसऱ्या मजल्यावर कुणी नळाची रबरी नळी फिनेलच्या बादलीत सोडून ठेवली आहे, नळ उघडाच. तेवढ्यात पहिल्या मजल्यावर कुणी नळ सोडला. पाइपातलं पाणी खाली उतरतं, वर पोकळी होते आणि बादलीतलं पाणी आत खेचलं जातं. तेच खालच्या घरात जातं.

ही नुसती भीती नाही. 1933 साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन मोठ्या हॉटेलांत सदोष नळजोडणीमुळे पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं. अमीबाच्या आमांशाने 98 माणसं दगावली.

उपाय साधे आहेत. नळाचं तोंड आणि बादलीचा काठ यांत निदान दोन बोटं मोकळी जागा ठेवा. नळी बादलीत बुडवू नका. संडासातला जेट वापरून झाला की हुकाला अडकवा आणि मागचा कॉक बंद करा. गच्चीवर व्हॉल्व्हच्या पुढे जो उघड्या तोंडाचा उभा पाइप आहे, तो हवा आत येण्यासाठी आहे. त्याला कुणीही बूच मारू नये.

आता मुख्य मुद्दा. टंचाईत सोय म्हणून आपण बोअरवेलची लाइन पालिकेच्या लाइनला जोडली. "मध्ये एनआरव्ही आहे ना?" असं काही जण म्हणतात. पण त्यात एक खडा अडकला तरी तो पुरता मिटत नाही. ही जोडणी कायमची तोडून बोअरचं पाणी वेगळ्या पाइपाने फक्त संडास आणि बागेला द्यावं, असा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येतो आहे. खर्च होईल, थोडी तोडफोडही होईल. पण खेळून आलेली आपली मुलं नळाला ओंजळ लावून पाणी पितात, तेव्हा ते कुठून आलं हे विचारत नाहीत. ते आपण विचारायचं. ठरावाला हात वर करा, एवढीच विनंती.