पूर्णवेळ अग्निशामक होण्यापूर्वी

(नागरी संरक्षण दलाच्या स्वयंसेवकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

नागरी संरक्षण दलाच्या अग्निशमन वर्गाला येणारा स्वयंसेवक एरवी कुठे ना कुठे नोकरीत असतो. कोणी बँकेत कारकून असतो, कोणी कारखान्यात जोडारी, कोणी शाळेत शिक्षक. सुट्टीच्या दिवशी तो वाळूच्या बादल्या, स्टिरप पंप आणि दोरखंडाच्या गाठी यांचे शिक्षण घेतो. पुढे एखाद्या दिवशी वस्तीत खरोखरीच आग लागते, बंब येण्यापूर्वी तो तेथे पोहोचतो आणि चार माणसांना धुरातून बाहेर काढण्यास हातभार लावतो. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या फायली पूर्वीच्याच असतात, पण त्यांवर त्याचे मन पूर्वीसारखे बसत नाही. हे किरकोळ काम आणि ते खरे काम, असा भेद त्याच्या मनात निर्माण होतो. नोकरी सोडून पूर्णवेळ अग्निशमन दलात जावे काय, हा प्रश्न अशा वेळी उभा राहतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

ह्या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे समाजात तयारच असतात. मित्रमंडळी म्हणतात, असे शौर्याचे काम करण्याची संधी दवडू नये. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, चांगली नोकरी सोडून आगीत उडी घेण्याची दुर्बुद्धी कोठून सुचली? दोन्ही उत्तरे परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांत एक दोष समान आहे. दोघांचीही दृष्टी केवळ ज्वाळांवर खिळलेली असते. वस्तुतः अग्निशामकाच्या आयुष्याचा फारच थोडा भाग ज्वाळांसमोर जातो. बाकीचा सर्व काळ तो वर्दीची वाट पाहत, साधने सज्ज ठेवीत आणि कवायत करीत घालवितो. म्हणून ह्या पेशाची निवड करू इच्छिणाऱ्याने आगीचा विचार मागाहून करावा. आग नसलेल्या दिवसांचा विचार आधी करावा.

प्रथम व्यवस्थेची माहिती करून घेतली पाहिजे. भारतात सर्व देशासाठी एकच अग्निशमन सेवा नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोग्या कार्यांत घातले आहे. केरळ, पश्चिम बंगाल, दिल्ली इत्यादी ठिकाणी ही सेवा राज्यशासनाच्या खात्यामार्फत चालते. महाराष्ट्रात मुख्यतः महानगरपालिका आणि नगरपालिका आपापली दले बाळगतात. ह्याचा परिणाम असा की वेतन, हुद्दे, रजा आणि कामाचे तास ठिकठिकाणी निरनिराळे आढळतात. कोठे आठ तासांच्या पाळ्या असतात, तर कोठे चोवीस तास केंद्रावर आणि पुढचे चोवीस तास घरी, असा क्रम असतो. काही संस्था कंत्राटी पद्धतीने माणसे घेतात. कंत्राटी नेमणुकीत काम पूर्णवेळ असते, जोखीमही पूर्ण असते; परंतु निवृत्तिवेतन, वैद्यकीय साहाय्य आणि अपघातानंतर कुटुंबास मिळणारा आधार तितकाच भक्कम असेल असे गृहीत धरता येत नाही. कायम नोकरीचा राजीनामा देऊ इच्छिणाऱ्याने नेमणुकीच्या कागदावरील ही अक्षरे अत्यंत बारकाईने वाचावीत.

वयाची अटही विसरून चालत नाही. अग्निशामकाच्या पदासाठी बहुतेक ठिकाणी विशीतल्याच उमेदवारांना प्रवेश मिळतो. राखीव वर्गांना काही सवलत असते. उंची, छाती, वजन आणि दृष्टी यांचेही ठरावीक निकष आहेत. तिशी ओलांडलेल्या माणसाला इच्छा कितीही प्रबळ असली तरी हे दार बहुधा बंद झालेले असते. म्हणून "पुढे पाहू" असे म्हणण्याइतकी सवड येथे नाही आणि घाईने उडी घेण्यातही शहाणपण नाही. मधल्या थोड्या काळातच निर्णय घ्यावा लागतो.

ह्या पेशात शिरण्याचे मार्ग दोन प्रकारचे आहेत. राज्यांच्या प्रशिक्षण केंद्रांतून अग्निशामकाचे शिक्षण मिळते. महाराष्ट्रात ह्यासाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. अधिकारीपदाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नागपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. हे महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे स्थापन झाले व पुढच्याच वर्षी नागपुरास हलविण्यात आले. तेथे उपअधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमापासून अग्निअभियांत्रिकीच्या पदवीपर्यंतचे शिक्षण दिले जाते. हा पेशा केवळ पुरुषांचा, ही समजूतही आता टिकण्यासारखी नाही. हर्षिनी कान्हेकर ह्यांनी २००२ साली ह्याच महाविद्यालयात प्रवेश घेतला, आणि तेथील शिक्षण पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यानंतर अनेक राज्यांच्या दलांत स्त्रिया दाखल झाल्या आहेत.

दलात नव्याने आलेल्या माणसाची जुनी प्रतिष्ठा प्रवेशद्वारापाशीच राहते. ज्याच्या हाताखाली कचेरीत चार माणसे काम करीत होती, त्याला येथे वयाने लहान असलेल्या प्रमुख अग्निशामकाच्या हुकमाबरोबर धावावे लागते. धुराने भरलेल्या जिन्यात हुकमाची चर्चा करण्यास वेळ नसतो, म्हणून ती चर्चा न करण्याची सवय कवायतीच्या मैदानावरच लावली जाते. स्वतंत्र बुद्धीच्या माणसाला ही शिस्त जाचक वाटते. ज्याला ती कायमचीच जाचक वाटेल असा अंदाज असेल, त्याने हा मार्ग न धरणे बरे.

दिवसाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. पाळी बदलताच बंबावरील प्रत्येक वस्तू मोजून घेतली जाते. पंप चालवून पाहतात, शिड्या तपासतात, श्वसनयंत्रांतील हवेचा दाब नोंदवितात. वापरलेले होज धुऊन वाळत घालावे लागतात, कारण ओला होज गुंडाळून ठेवला तर तो कुजतो आणि नेमक्या वेळी फाटतो. वर्दी आली तरी ती आगीचीच असेल असे नाही. पावसाळ्यात उन्मळलेली झाडे, खचलेल्या भिंती, विहिरीत पडलेले जनावर, दोन मजल्यांमध्ये अडकलेले उद्वाहन, पतंगाच्या मांजात गुंतलेला पक्षी, ही सर्व कामे त्याच जवानांकडे येतात. खोट्या वर्दीवरही तितक्याच त्वरेने निघावे लागते. ही कामे ज्याला हलकी वाटतात, त्याला पहिल्या वर्षातच निराशेने ग्रासले जाण्याची भीती आहे.

शरीराचा हिशेब तर अगदी अंकांत मांडता येतो. नेहमीच्या वापरातील श्वसनयंत्राच्या नळकांड्याचे आकारमान ६.८ लिटर असते आणि त्यात ३०० बार दाबाने हवा भरलेली असते. म्हणजे अंदाजे २००० लिटर हवा पाठीवर असते. मध्यम श्रमात माणूस मिनिटास सुमारे ४० लिटर हवा घेतो. ह्या हिशेबाने ती पन्नास मिनिटे पुरावी. परंतु शिडी चढून, पाण्याने भरलेला होज ओढीत, बेशुद्ध माणसाला उचलताना हेच प्रमाण साठ लिटरांवर जाते. त्यातून परतीसाठी हवा राखून ठेवावी लागते. मग प्रत्यक्ष कामास पंचवीस मिनिटेही मिळत नाहीत. एवढ्या अवधीत जड पोशाख अंगावर असताना हृदयावर विलक्षण ताण पडतो. अमेरिकेतील एका पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार कामावर असताना मृत्यू पावलेल्या अग्निशामकांपैकी सुमारे ४५ टक्के मृत्यू हृदयविकाराने झाले होते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसाय हा निश्चितपणे कर्ककारक असल्याचे जाहीर केले. त्यापूर्वी तो केवळ संशयिताच्या गटात होता. धूर आज नाकात जातो आणि त्याचा परिणाम वीस वर्षांनीही दिसू शकतो. आग विझल्यावर श्वसनयंत्र उतरवून ढिगारा उपसण्याची घाई, किंवा काजळी लागलेला पोशाख तसाच घरी नेण्याची सवय, ह्या गोष्टी ज्वाळांइतक्याच घातक ठरू शकतात.

ह्या पेशातील आणखी एक सत्य कटू आहे. अग्निशामकाला पुष्कळदा दुसऱ्यांच्या चुकांची किंमत मोजावी लागते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही होती. हा माल एकत्र भरण्याचा निर्णय मुंबईच्या बंबवाल्यांनी घेतलेला नव्हता. ते वर्दीनुसार आले व पाणी मारू लागले. चारच्या सुमारास स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा झाला, आणि दलाचे ६६ जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ रोजी मुंबईतच काळबादेवी येथील एक जुनी इमारत आग विझविताना कोसळली आणि त्या दुर्घटनेत दलप्रमुखांसह चार वरिष्ठ अधिकारी दगावले. अनुभव आणि हुद्दा यांनी जोखीम कमी होत असली तरी ती संपत नाही, हे ह्या घटनेवरून ध्यानात येते.

हे सर्व ऐकून ज्याचे मन डळमळत नाही, त्याने एक गोष्ट अवश्य करावी. ती म्हणजे घरच्या माणसांशी सविस्तर बोलणे. निर्णय एकट्याचा असतो, ही कल्पना चुकीची आहे. दिवाळीच्या रात्री फटाक्यांमुळे वर्द्यांची संख्या वाढते, म्हणून घरात दिवे लागतात तेव्हा अग्निशामक केंद्रावर असतो. रात्री उशिरापर्यंत परत न आलेल्या माणसाची वाट पत्नीला पाहावी लागते. आईवडिलांच्या औषधपाण्याचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि घराच्या कर्जाचा हप्ता प्रशिक्षणाच्या काळातही थांबत नाही. ज्यांना हा भार वाहावयाचा आहे, त्यांची संमती अंतःकरणपूर्वक असली पाहिजे. हट्टाने मिळविलेली संमती पहिल्याच अपघातानंतर तुटते.

मनावरील भाराचाही उल्लेख येथे केला पाहिजे. कितीही वेगाने गेले तरी काही वेळा उशीर झालेला असतो. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली. अशा जागी ज्यांना जावे लागते, त्यांना ते दृश्य आयुष्यभर सोबत घेऊन चालावे लागते. दुःख मनात दाबून ठेवणे म्हणजे धैर्य, ही समजूत जुन्या पिढीत रूढ होती. सहकाऱ्यांशी मोकळेपणाने बोलणारा आणि गरज पडल्यास वैद्याकडे जाणारा माणूस ह्या पेशात अधिक काळ टिकतो.

मग ज्याला हा मार्ग धरता येत नाही, त्याची तळमळ व्यर्थ समजावयाची काय? मुळीच नाही. जर्मनीत अग्निशमनाचा फार मोठा भार सुमारे दहा लाख स्वयंसेवक वाहतात. पगारी अग्निशामकांची संख्या त्यांच्या तुलनेने अल्प आहे. केरळात २०१८ च्या महापुरानंतर अग्निशमन केंद्रांशी नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक जोडण्यात आले. बंब येईपर्यंतची पहिली पाच मिनिटे स्थानिक माणसाचीच असतात, आणि त्या पाच मिनिटांत पुष्कळदा आगीचे भवितव्य ठरते. ज्या कारकुनाने आपल्या कचेरीच्या जिन्यातील कपाटे हटवून वाट मोकळी केली, त्याने कदाचित एखाद्या बंबाइतकीच माणसे वाचविली असतील. परंतु न लागलेल्या आगीची बातमी वर्तमानपत्रात येत नाही. शिवाय कारखाने, रुग्णालये आणि विमानतळ येथे अग्निसुरक्षेचे शिक्षण घेतलेल्या माणसांची गरज सतत असते.

सारांश, निर्णयापूर्वी चार गोष्टी कराव्यात. जवळच्या केंद्रप्रमुखाच्या परवानगीने तेथे काही दिवस, विशेषतः वर्दी नसलेले दिवस, घालवून पाहावेत. हृदय व फुप्फुसे यांची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. घरखर्चाचा एक वर्षाचा हिशेब कागदावर मांडावा. आणि शेवटी स्वतःस असे विचारावे, की कोणीही पाहत नसताना, कोणतीही आग नसताना, तोच होज शंभराव्या वेळी धुताना आपले मन त्या कामात रमेल काय? ह्या प्रश्नास प्रामाणिकपणे होकार देता आला, तर अशा तरुणाने निःशंकपणे अर्ज करावा. शौर्य त्याच्या अंगी वेळेवर येईल, कारण कवायतीतून ते घडतच असते. होकार देता आला नाही, तर त्याने आपली नोकरी सांभाळावी, रविवारचा वर्ग चुकवू नये, आणि आपल्या वस्तीचा जिना मोकळा ठेवावा. दोघांचेही काम एकाच हेतूसाठी आहे, आणि देशाला दोघांचीही गरज आहे.