सरासरीचा पाऊस आणि शेजाऱ्याचे शेत
(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



या अंगणाच्या कोपऱ्यात एक पर्जन्यमापक होता. गुरुजी रोज सकाळी आम्हांला त्यातील पाणी मोजावयास लावीत आणि आकडा फळ्यावर लिहवून घेत. कोकणातील आम्हां मुलांना वाटे, पाऊस म्हणजे मृगाला येणार आणि चार महिने कोसळणार. त्यात मोजायचे ते काय?

नोकरीने मला बंगळूरजवळच्या आनेकलला नेले आणि ही समजूत ओसरली. पश्चिमेचे वारे सह्याद्री ओलांडताना आपले बहुतेक पाणी इकडेच रिकामे करतात. तिकडे मे महिन्यात वळीव येतो, जून-जुलैत रिमझिम, आणि खरा भरवसा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. आपण ज्याला परतीचा पाऊस म्हणून निरोप देतो, त्यावर तिथली नाचणी कणसात भरते.

2002 सालची गोष्ट. मे महिन्याच्या अखेरीस हवामान खात्याने देशात सरासरीच्या 101 टक्के पाऊस होईल असा अंदाज दिला. 1988 पासून वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची सोळा घटकांची पद्धत वापरात होती व तिचा लौकिक चांगला होता. शेजारच्या शेतकऱ्याला ती बातमी मीच वाचून दाखविली, आणि वर छातीठोकपणे सांगितले, ''यंदा चिंता नको.'' दरवर्षी तो नाचणीच्या ओळींमध्ये पावटा, तूर, एरंडी पेरी. तिकडे या पद्धतीला अक्कडी म्हणतात. एक पीक गेले तर दुसरे हाती लागते. त्या वर्षी मात्र तळे भरेल या भरवशावर त्याने कर्ज काढून सगळ्या शेतात टोमॅटो लावला.

जुलैत देशात निम्माच पाऊस झाला. हंगामाअखेर आकडा 81 टक्क्यांवर थांबला. तळे भरले नाही. त्याने मला कधी दोष दिला नाही, आणि तेच मला जड गेले.

दोष केवळ अंदाजाचा नव्हता. 101 हा आकडा साऱ्या देशाचा होता. मी तो एका शेताचा करून सांगितला. शिवाय अंदाजात चुकीची शक्यता धरलेली असते, ती मी वगळली. पुढच्याच वर्षी खात्याने पद्धत बदलली. मला मात्र अधिक शिकविले ते मूळच्या पुण्याच्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य वेचलेल्या सुलोचना गाडगीळ यांच्या कार्याने. 1997 मध्ये एल निनो अतिशय प्रबळ असूनही पाऊस सरासरीएवढा झाला. 2002 मध्ये तो मध्यम असूनही दुष्काळ पडला. या कोड्याचे उत्तर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरावरील ढगांच्या आणि वाऱ्यांच्या हेलकाव्यात शोधले. प्रशांत महासागराकडे टक लावून बसलेल्यांचे लक्ष त्यांनी आपल्या दारच्या समुद्राकडे वळविले.

पण मला त्याहूनही मोलाचे वाटते ते पावगड भागातील त्यांचे काम. भुईमूग केव्हा पेरावा, हे त्यांनी पावसाच्या जुन्या नोंदी आणि शेतकऱ्यांचा अनुभव यांची सांगड घालून तपासले. यंदा पाऊस किती, हा प्रश्न शेतकऱ्याच्या उपयोगाचा अर्धाच आहे. कोणत्या तारखेला पेरले तर नुकसानीचा धोका कमी, हा त्याचा उरलेला अर्धा.

2021 पासून खाते पावसाच्या शक्यतांचे रंगीत नकाशेही देते. सरासरीहून कमी, सरासरीइतका, सरासरीहून अधिक, यांपैकी कोणती शक्यता किती, ते त्यावरून कळते. शेजारी आता थकला आहे, पण जूनच्या आरंभी तो ओसरीवर येऊन बसतो व विचारतो, ''आपले गाव कोणत्या रंगात आहे?'' मी रंग सांगतो. मग तो विचारतो, ''शंभरात किती?'' तोही आकडा मी सांगतो. तो मान हलवितो आणि घरी जाऊन नाचणीसोबत पावट्याचे बियाणेही उन्हात घालतो.