संशोधनाचे धाडस आणि सरकारी पैसा
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात दिलेले भाषण)



बक्षिसे वाटून झाली. ज्यांना ती मिळाली त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. ही बक्षिसे झालेल्या यशाबद्दल दिली जातात. मला आज बोलायचे आहे ते यशाची खात्री नसताना दिल्या जाणाऱ्या पैशाविषयी. त्यासाठी उदाहरण घेतो ते अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगावर झालेल्या संशोधनाचे. विषय दूरचा वाटेल, पण त्याचा धागा आपल्या मुंबईपर्यंत आणि आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्ती-निधीपर्यंत येऊन पोचतो.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. आपल्या कातडीला रंग देणाऱ्या पेशी बेबंद वाढू लागल्या, की मेलानोमा नावाचा कर्करोग होतो. त्वचेच्या कर्करोगांत सर्वाधिक बळी घेणारा प्रकार हाच. गोऱ्या कातडीच्या लोकांत तो अधिक; ऑस्ट्रेलियात तर त्याचे प्रमाण फारच मोठे आहे. आपल्याकडे तो क्वचित होतो, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला किंवा नखाखाली होतो. म्हणून तळपायावर नवा काळा डाग उठून वाढू लागला, किंवा नखाखालची काळी रेघ रुंदावू लागली, तर चप्पल लागली असेल असे म्हणून स्वस्थ बसू नका, डॉक्टरांना दाखवा. वेळीच सापडला तर तो कापून काढता येतो. शरीरात पसरल्यावर मात्र २०१० सालापर्यंत बहुसंख्य रुग्ण वर्षभरही जगत नसत.

अशा रोगावर काही डॉक्टरांच्या मनात एक विलक्षण कल्पना आली. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे सैन्य असते. तेच सैन्य कर्करोगावर सोडता आले तर? अनेक तज्ज्ञांना ही कल्पना भाबडी वाटत असे. डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग हे अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९७४ पासून शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख. त्यांनी सरकारी रुग्णालयात, सरकारी खर्चाने, असाध्य ठरलेल्या रुग्णांवर हे उपचार करून पाहिले. एकामागून एक ६६ रुग्णांना गुण आला नाही. १९८४ साली मेलानोमाने ग्रासलेली, नौदलातील एक महिला अधिकारी ६७ वी रुग्ण म्हणून आली, आणि तिच्या शरीरातील गाठी विरघळून गेल्या. ६६ अपयशांनंतर ६७ व्या रुग्णाचा खर्च मंजूर करणारे सरकार किती सहनशील असले पाहिजे, याचा विचार करा.

दुसरे नाव डॉ. जेम्स ॲलिसन यांचे. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात ते सरकारी अनुदानावर पांढऱ्या पेशींचा अभ्यास करीत होते. या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन असते. कित्येक शास्त्रज्ञ त्याला पेशींना चेतविणारी कळ समजत. ॲलिसन आणि आणखी काही संशोधकांनी दाखविले, की तो उलट लगाम आहे. मग ॲलिसन यांनी विचार केला, की लगामच सैल केला तर सैन्य कर्करोगावर तुटून पडेल. १९९६ साली त्यांनी उंदरांवर हे सिद्ध केले. तरीही औषध-कंपन्या पैसा घालायला सहजासहजी तयार होईनात. अखेर एका लहान कंपनीने ते काम हाती घेतले आणि २०११ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मेलानोमावर हे औषध मंजूर झाले. २०१८ साली ॲलिसन यांना जपानचे तासुकु होंजो यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांच्या शोधांतून निघालेली औषधे एकत्र दिलेल्या पसरलेल्या मेलानोमाच्या रुग्णांची पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. दहा वर्षांनंतर त्यांतील शेकडा ४३ रुग्ण हयात होते. जेथे वर्षाची आशा नव्हती, तेथे दहा वर्षे!

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. सरकारी अनुदान कसे मिळते? शास्त्रज्ञ अर्ज करतो आणि त्याच विषयातील इतर तज्ज्ञ तो तपासतात. अमेरिकेत अलीकडच्या काळात साधारण पाच अर्जांतील एखादाच मंजूर होतो. इतकी चढाओढ असली, की परीक्षक साहजिकच सुरक्षित अर्जाकडे झुकतात. ज्याचे अर्धे काम आधीच झाले आहे, त्याला पैसा मिळतो. ज्याच्याजवळ केवळ नवी कल्पना आहे, तो मागे राहतो. तरुण संशोधकाची तर फारच पंचाईत होते.

ही अडचण ओळखून तेथे धाडसी संशोधनासाठी वेगळ्या योजना निघाल्या. राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ साली पायोनिअर पुरस्कार सुरू केला, आणि २००७ साली तरुण संशोधकांसाठी अशी योजना काढली, की जिच्यात आधीच्या प्रयोगांचा पुरावा जोडण्याची सक्ती नाही. त्यांच्या संरक्षण खात्यामार्फतही रोगसंशोधनाला अनुदान मिळते. १९९२ साली स्तनाच्या कर्करोगापासून त्याची सुरुवात झाली. सैनिक उन्हात राबतो, म्हणून २०१९ च्या अंदाजपत्रकात मेलानोमासाठी स्वतंत्र एक कोटी डॉलर ठेवण्यात आले. या खात्याच्या परीक्षक-मंडळात शास्त्रज्ञांच्या जोडीला त्या रोगातून गेलेले रुग्णही बसतात आणि त्यांना मताचा अधिकार असतो. ज्याचे जळते, त्याला विचारले जाते.

कोणी म्हणेल, जनतेचा पैसा असा पणाला लावावा काय? हा प्रश्न तेथेही विचारला गेला. विल्यम प्रॉक्स्मायर नावाचे सिनेटर १९७५ ते १९८८ या काळात दरमहा सरकारी उधळपट्टीचे एक उदाहरण जाहीर करून त्याची टर उडवीत, आणि त्यांत संशोधनाची अनुदानेही असत. त्यांची राखणदारी सर्वस्वी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. पैशाचा हिशेब हवा, प्रगतीचा अहवाल हवा, रुग्णाच्या जिवाची काळजी तर हवीच. पण हिशेब मागणे वेगळे आणि यशाची हमी मागणे वेगळे. काय चालत नाही हे नीट नोंदवून ठेवले, तर पुढच्याचा रस्ता तेवढा कमी होतो.

आता हा धागा मुंबईत कसा येतो ते सांगतो. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांत बदल करून त्या पुन्हा शरीरात सोडण्याचा उपचार पवईच्या आयआयटीने आणि परळच्या टाटा रुग्णालयाने मिळून रक्ताच्या कर्करोगावर तयार केला. त्यामागे केंद्र सरकारचा पैसा होता, आणि अमेरिकेच्या त्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे सहकार्यही होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली, आणि परदेशाच्या मानाने सुमारे दहाव्या हिश्श्यात तो उपलब्ध झाला. म्हणजे हे काम केवळ गोऱ्या साहेबांचे नाही. आपल्याच लोकल गाडीच्या अंतरावर ते चालू आहे.

आणि आपल्या इतिहासातही ते नवे नाही. नवव्या शतकात बगदादचा खलिफा मामून याने विद्वानांना राजाश्रय दिला. ग्रीक वैद्यकग्रंथ अरबीत आणणारा हुनैन इब्न इसहाक हा धर्माने ख्रिस्ती होता, पण दरबाराने त्याची विद्या पाहिली. प्रत्येक आजारावर अल्लाहने उपाय ठेवला आहे, ही आपली श्रद्धा आहे. मग तो उपाय शोधणाऱ्याला आधार देणे हे श्रद्धेचेच काम नव्हे काय?

पालकहो, मुलगा विज्ञानात हुशार निघाला की आपण म्हणतो, डॉक्टर किंवा इंजिनिअर हो. मुलगी हुशार निघाली की म्हणतो, डी.एड. कर, घरापासून जवळ नोकरी मिळेल. आपली परिस्थिती पाहता यात दोष नाही. घरात चूल पेटलीच पाहिजे. पण शंभर मुलांत एखादे असे असते, की जे भलतेच प्रश्न विचारते. त्याला गप्प बसवू नका. सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत शाळकरी मुलाच्या निवडलेल्या कल्पनेला दहा हजार रुपये मिळतात. कल्पना शाळेमार्फत पाठवावी लागते, तेव्हा आम्हा शिक्षकांच्या मागे लागा.

आणि पदाधिकारी मंडळींना एक नम्र सूचना. आपली शिष्यवृत्ती गुण आणि गरज पाहून दिली जाते, ती तशीच चालू राहावी. जकातीची रक्कम तर हक्कदार गरिबांचीच आहे; तिला हात लावण्याचा प्रश्नच नाही. पण लिल्लाह म्हणून येणाऱ्या देणग्यांतून दरसाल थोडी रक्कम बाजूला काढावी, आणि ती एखाद्या मुलाला किंवा मुलीला, टक्के न पाहता, त्याच्या प्रश्नासाठी द्यावी. प्रयोग फसला तर रक्कम परत मागू नये. काय केले आणि का फसले, एवढे मात्र त्याच्याकडून याच व्यासपीठावर ऐकावे, आणि त्यालाही टाळ्या द्याव्यात.