आमच्या अक्षरांची उस्तवार

(मंडळाच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आम्ही अंबरपेठेतले पाच-सहा जण. दिवसा हायटेक सिटीत दुसऱ्यांच्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे प्रोग्राम लिहितो. रात्री जेवणं आटोपली की आपल्या सभासदांचं मराठी लेखन इंटरनेटवर नीट वाचता यावं म्हणून खटपट करतो. जागा आपली स्वतःची, छोटीशी, कुणा मोठ्या कंपनीच्या अंगणात नाही. "तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुमचं काय, चुटकीसरशी होत असेल!" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय की आज त्याचंच उत्तर द्यायचं ठरवलं.

कामाला लागलो ते जुन्या स्मरणिकांपासून. छापलेल्या प्रती थोड्या, त्यातल्या काही वाळवीने खाल्लेल्या. पण छापखान्याकडून मिळालेल्या फायली कुणीतरी जपून ठेवल्या होत्या. वाटलं, झालं काम. फाईल उघडली तर पानभर रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या काळातले बहुतेक मराठी फाँट म्हणजे एक प्रकारचं सोंग होतं. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे रोमन अक्षरच असे, फाँट फक्त त्या जागी 'ग' किंवा 'ण' चितारून दाखवी. प्रत्येक फाँटवाल्याने कुठल्या जागी काय चितारायचं ते आपापल्या मनाने ठरवलेलं. तो फाँट जवळ असेल तर मजकूर मराठी, नसेल तर बाराखडीचा चिवडा.

मग जुन्यातून नव्यात आणणारा प्रोग्राम लिहायला घेतला. अक्षरास अक्षर बदललं की संपलं, इतकं ते सोपं नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, जशी ती डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते, जशी आपण बोलतो तशी. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढे न्यायची. पण 'स्थिती'मध्ये ती अर्ध्या 'स'वर थांबून चालत नाही, आख्खं जोडाक्षर ओलांडून गेली पाहिजे. रफाराचं नेमकं उलट. 'धर्म' लिहिताना जुना फाँट ध, म आणि मग रफार ठेवी, युनिकोडला र आधी लागतो. एकीला पुढे ढकला, दुसऱ्याला मागे ओढा. सगळं जमलंसं वाटतं आणि 'निर्मिती' येऊन उभी राहते, तिच्यात दोन्ही.

युनिकोडने आपलं भलंच केलं, याबद्दल शंका नाही. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा फाँट आला, तो घडवणारे र. कृ. जोशी मराठी सुलेखनातले मोठे नाव. एकदा लिहिलेलं मराठी हैदराबादेत, पुण्यात, न्यू जर्सीत सारखंच दिसू लागलं ते या व्यवस्थेमुळे. पण भलं झालं म्हणून कटकट संपली असं नाही.

'ॲ' घ्या. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ' काढून वर चंद्र ठेवत. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन निराळ्या वस्तू. 'ॲडव्होकेट' शोधायला गेलं की निम्मे वकील गैरहजर. 'पायऱ्या', 'दऱ्या' यांतला अर्धा 'र'ही दोन प्रकारांनी लिहिता येतो. एका प्रकारात तर मधे डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह बसलेलं असतं. न दिसणारी चूक शोधत रात्रीचा एक वाजवणं म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांना विचारा. हा 'र' तर आपला मराठीचा खास. तो नीट उमटला नाही की दऱ्याचा दर्या होतो, डोंगरातून थेट समुद्रात.

आणखी एक. 'क्षत्रिय' शब्दात अक्षरं किती? तुम्ही म्हणाल तीन. कॉम्प्युटर म्हणतो आठ. साठवताना प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे चोवीस. जिथे कुणी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून 'शीर्षकाला इतकी जागा पुरे' असं ठरवलेलं असतं, तिथे आपलं शीर्षक मधेच तुटतं. लेखाच्या पत्त्यात 'गणपती' शब्द घातला, तर कुणाला पाठवताना त्या पाच चिन्हांची पंचेचाळीस होतात, टक्क्यांच्या खुणांनी भरलेली. एका काकूंनी अशी लिंक मिळाल्यावर फोन करून विचारलं, "अरे, व्हायरस तर नाही ना?" त्यांचं काय चुकलं?

हे फक्त मराठीचं दुखणं आहे असं मात्र समजू नका. आपल्या शेजारच्या तेलुगूची गोष्ट ऐका. २०१८च्या फेब्रुवारीत तेलुगूतलं एक 'ज्ञा' निरोपात आलं की आयफोनमधलं ते ॲप बंद पडायचं. एका अक्षराने! ॲपलला त्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली. आमच्या ऑफिसातले तेलुगू मित्र तेव्हा म्हणायचे, ज्ञान झेपलं नाही फोनला. हसलो आम्हीही, पण ज्यांच्या लिपीत जोडाक्षरं नाहीत त्यांनी आखलेल्या घरात आपण सगळेच भाडेकरू, हे त्या दिवशी चांगलं कळलं.

भाड्यावरून आठवलं. आपली जागा आपली म्हणतो खरी, पण नावाचं भाडं दर वर्षी भरायचं. पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसावं म्हणून जे प्रमाणपत्र लागतं, ते आम्ही वापरतो ते फुकट, पण नव्वद दिवसांचं. आपोआप नवं व्हावं अशी सोय करून ठेवली की ती सोय बरोब्बर गौरी जेवणाच्या दिवशी बंद पडते. लेखाखाली वाचकांना चार शब्द लिहिता यावेत म्हणून जागा ठेवली, तर तिथे पहिले आले ते औषधं आणि घड्याळं विकणारे. आणि फुकटच्या जागेत राहिलं तर? याहूच्या जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनी घरं बांधली होती, २००९च्या ऑक्टोबरात ती बंद झाली. ज्यांनी आधी सामान हलवलं त्यांचं वाचलं, बाकीच्यांचं काही इतर उत्साही लोकांनी उचलून ठेवलं तेवढंच.

या सगळ्यात लिहायचं कधी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. बरोबर आहे. प्रोग्रामर लेख लिहायला बसला की त्याला आधी फाँट खुपतो, मग समास, मग तो लेख दाखवणारा प्रोग्रामच नव्याने लिहावासा वाटतो. डोनाल्ड नूथ हे आमच्या क्षेत्रातलं दैवत. १९७७ साली त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली, ती त्यांना इतकी कुरूप वाटली की पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी छपाईचा प्रोग्रामच लिहायला घेतला. पुढच्या वर्षीच्या रजेत संपेल असा अंदाज होता. पक्कं रूप यायला १९८९ उजाडलं. त्या प्रोग्रामवर आजही गणिताची पुस्तकं छापली जातात. पण सगळेच काही नूथ नसतात, आणि आमच्या लेखकांना बारा वर्षं थांबायला वेळही नाही.

वेळेचंच सांगायला आज उभे राहिलो आहोत. जुन्या फायलींत आपल्या एका आजींचा लेख सापडला. २८ सप्टेंबर १९०८चा मुसीचा पूर, जसा त्यांनी सासूबाईंच्या तोंडून ऐकला तसा. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्या आले, उस्मानसागर आणि हिमायतसागर झाले, ते पुस्तकांत आहेच. आजींच्या लेखात मात्र कोणत्या वाड्यात किती बायका गच्चीवर बसून होत्या, दुसऱ्या दिवशी चूल कशाची मांडली, हे आहे. शिवाय भाषा आपली इथली, "हौ" आणि "नक्को" असलेली, पुण्याच्या शुद्धलेखनाला न जुमानणारी. असं मराठी आता लिहिणारं कोण आहे?

लेख जवळपास पूर्ण उतरला. एका ठिकाणी वाक्य असं आहे: पाणी देवळाच्या इतक्या पायऱ्यांपर्यंत चढलं. तो 'इतक्या'चा आकडा उतरला नाही. जुन्या फाँटमधला आकडा कुठे तरी भलत्याच जागी होता, फायलीत तिथे रिकामा चौकोन आहे. आजी आता नाहीत. छापील प्रतीतलं नेमकं ते पान आमच्याकडच्या दोन्ही प्रतींत फाटलेलं आहे. अंदाजाने पाच किंवा सात घालता आले असते, आम्ही चौकोन तसाच ठेवला आहे.

तेव्हा विनंती अशी. घरी जाऊन माळ्यावरची ट्रंक उघडा. जुन्या स्मरणिका असतील, अर्ध्या, मुखपृष्ठ गेलेल्या, कशाही, तर आणा. आम्ही मोबाइलने फोटो काढून प्रत लगेच परत देऊ. फ्लॉपी आणि सीडीही आणा, त्या वाचायचं यंत्र आमच्यातल्या एकाने अजून जपून ठेवलंय. नवीन लिहिणाऱ्यांनी मोबाइलवर, बोलून, कसंही लिहून पाठवा, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही बघतो. वहीत लिहिलेलं असेल तर टाइप करायला दोन मुली तयार आहेत, त्यांचं नववीचं वर्ष आहे तेव्हा परीक्षेच्या आधी द्या.

आरतीनंतर आम्ही प्रसादाच्या टेबलाशेजारीच बसणार आहोत.