देव मानत नाही, मग मला कोण धरून ठेवणार?

आजचा एपिसोड छोटा आहे, पण विषय जड आहे: डिप्रेशन, आत्महत्येचे विचार आणि धर्म. आत्ता ऐकवणार नसेल तर पॉज करा, नंतर ऐका.

दोन वर्षांपूर्वी मला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या. मावशीला कळलं तर ती म्हणाली, "गोळ्या कसल्या खातोस? रोज दिवा लाव, रामरक्षा म्हण." मी पक्का नास्तिक. चिडून फोन ठेवला आणि रात्रभर रिसर्च पेपर वाचत बसलो.

2004 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री'मध्ये एक अभ्यास आला होता. डिप्रेशनमुळे दाखल झालेले 371 पेशंट. त्यात 'माझा कुठलाच धर्म नाही' म्हणणाऱ्यांनी आत्महत्येचे प्रयत्न जास्त केले होते.

म्हणजे मावशी जिंकली? थांबा. दोन्ही गटांत डिप्रेशन सारखंच होतं, निराशाही सारखीच. धर्म असलेल्यांचा आजार काही हलका नव्हता, तेही हॉस्पिटलमध्येच होते. त्यामुळे 'गोळ्या सोड, देवाचं कर' असं हा अभ्यास अजिबात सांगत नाही.

मग फरक कशात? धर्म असलेल्यांना जगण्याची कारणं जास्त दिसत होती. 'हे करणं चूकच' असंही त्यांना जास्त ठामपणे वाटत होतं. धर्म नसलेले वयाने लहान होते. त्यांच्यात लग्न झालेले कमी, घरच्यांशी संपर्कही कमी.

इथे मी अडकलो. कोरिलेशन म्हणजे कॉझेशन नाही, हे मलाही कळतं. शिवाय अभ्यास अमेरिकेतला. आपल्याकडे फॉर्मवर मीही 'हिंदू' लिहितो. पण वर्णन माझंच होतं ना! मावशीच्या त्या फोनआधी तीन आठवडे मी घरी कुणाशीच बोललो नव्हतो.

श्रद्धा काही ऑर्डर करून येत नाही. माणसं मात्र जोडता येतात. डॉक्टरांसोबत बसून मी यादी केली: विचार वाढले तर कुणाला फोन करायचा. पहिलं नाव मावशीचं. ती अजूनही दिव्याचं सांगते, मी अजूनही लावत नाही. पण आता फोनवर आधी विचारते, "गोळी घेतलीस का रे?"

आणि तुम्ही श्रद्धाळू असाल, तर 'असा विचार येणं पाप' म्हणून तो लपवू नका. कुणाला तरी सांगा. सांगायला कुणीच नसेल तर टेलि-मानस: 14416. मोफत आहे, 24 तास, मराठीतही बोलता येतं. नंबर आत्ताच सेव्ह करा.

भेटू पुढच्या एपिसोडला. नक्की भेटू.